आप्पांनी पाठ म्हटलेला क्रॅश लॉग

आमच्या घरात कॉम्प्युटरमधलं सगळं कळणारा माणूस मी आहे. (हा समज मीच पसरवला आहे.) त्याच भरवशावर मी लॅपटॉपवर नवी ऑपरेटिंग सिस्टिम टाकायला घेतली. त्या लॅपटॉपमध्ये आप्पांच्या यजमानांच्या वंशावळी होत्या! आप्पा म्हणजे माझे वडील, हिंदी मुलखातल्या तीर्थक्षेत्री दुर्गाघाटावरचे वैदिक. महाराष्ट्रातून येणाऱ्या कुळांची सात-सात पिढ्यांची नावं त्यांच्या वह्यांत होती. वह्यांना वाळवी लागली, तेव्हा वाचलं तेवढं मी दोन वर्षं बसून टाइप केलं. कॉपी तेवढी काढायची राहिली. आणि त्याच दुपारी साताऱ्याचे यजमान पणजोबांचं नाव विचारायला येणार होते.

सकाळी दहाला इन्स्टॉलर अर्ध्यावर येऊन अडला. स्क्रीनभर इंग्रजी ओळी! मी पुण्याला बहिणीला, नलूला, फोन लावला. ती याच कामातली.

"दादा, काही दाबू नकोस! त्या ओळी म्हणजे लॉग, मशीनने केलेली नोंद. ती आधी सेव्ह कर. बिघाड त्यातच कळेल. तसंच पुन्हा इन्स्टॉल चालवलंस तर नावं पुसली जातील!"

"सेव्ह कशाला? वाचून दाखवतो, लिहून घे!"

मी खड्या आवाजात सुटलो. एरर, फेल्ड, स्लॅश, डॉट... बत्तीस ओळी! शेवटी विचारलं, "लिहिलंस?" पाहतो तर फोन पहिल्याच ओळीला कटला होता. (आमच्या गल्लीत नेटवर्क पाहुण्यासारखं येतं.) घाबरून मी सेव्हचं बटण दाबायला गेलो आणि त्याच्या शेजारचं दाबलं. स्क्रीन काळी!

दाराशी आप्पा पूजेची फुलं निवडत होते.

"काय गडबड झाली रे?"

"आप्पा, त्या ओळी गेल्या!"

"तू आत्ता पढलास त्या? त्या तर याद आहेत मला."

"अहो, इंग्रजी होत्या!"

"तर काय झालं? वेदसुद्धा आधी पाठ केला, अर्थ मागाहून कळला. लाव फोन."

आप्पांनी मांडी घातली आणि हाताने स्वर दाखवत सुरुवात केली. डॉटला हात वर, स्लॅशला खाली! (मला मध्ये खोकला आला होता, तोही त्यांनी गाळला नाही.) समोरच्या काकू खिडकीत हात जोडून उभ्या राहिल्या.

"थांबा आप्पा!" नलू ओरडली. "अकरावी ओळ परत म्हणा!"

"मधूनच नाही येत, बेटी. पहिल्यापासून म्हणतो."

म्हटलं! अकराव्या ओळीला 'नो स्पेस लेफ्ट' आलं आणि नलूने टाळी वाजवली. "सापडलं! बूटची, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या फाइलींची, जागा भरलीये फक्त. नावं शाबूत आहेत!" लॅपटॉप पुन्हा चालू करून तिने सांगितल्या त्या जुन्या फाइली मी पुसल्या, आणि तीन वाजता सगळी कुळं स्क्रीनवर हजर! यजमानांना पणजोबांचं नाव मिळालं, ते आप्पांच्या पाया पडले, आणि मला चक्क रडू आलं.

संध्याकाळी नलूचा फोन आला. "दादा, एक सांग. स्क्रीनचा फोटो काढून का नाही पाठवलास?"

"कशाने काढणार?" मी चिडून म्हणालो. "फोन तर माझ्या कानाला होता!"