तीन पॉइंट दोन व्होल्ट

अठ्ठ्याण्णव साली सांगलीत हळदीच्या पेठेमागच्या एका डीटीपीच्या दुकानात आम्ही दोघे कामाला होतो. मी आणि फौजेतून निवृत्त झालेला एक हवालदार. कडेगावकडे त्याचा ऊस होता. पहिल्या दिवशी त्याने माझं गाव विचारलं, मग गावातली वस्ती विचारली. दुसऱ्या दिवसापासून तो पिण्याचं पाणी घरून आणू लागला.

दुकानातला मोठा संगणक फार रेंगाळायचा. मी मदरबोर्डची पुस्तिका वाचली आणि प्रोसेसरचा वेग दोनशेवरून दोनशे तेहतीस मेगाहर्ट्झवर नेला. तो मधेच अडकायला लागला, म्हणून व्होल्टेजचा जंपर, म्हणजे दोन पिनांवर बसवायची ती बारकी टोपी, एक घर पुढे सरकवला. दोन पॉइंट आठचे दोन पॉइंट नऊ व्होल्ट झाले. मग मशीन सुरळीत चाललं. मालकांनी गिऱ्हाइकांसमोर माझं कौतुक केलं. हवालदार तेव्हा त्या मशीनकडे बघत होता.

पुढच्या आठवड्यात पंखा पुसायला संगणकाचा डबा उघडला, तर वेग अडीचशेवर आणि जंपर तीन पॉइंट दोनवर. प्रोसेसरवरचं अ‍ॅल्युमिनियम इतकं तापलं होतं की बोट टेकवू देत नव्हतं.

"तुमी केलं हे? आवं, जळंल की!"

"फौजेत वायरलेस सेट उघडलेत मी. तुमच्यातल्या पोरानं आता मला शिकवायचं व्हय रं?"

मी डबा बंद केला. मालकांना सांगितलं नाही. जळू दे, सगळ्यांदेखत जळू दे, असं मनात म्हणालो, आणि रोज सकाळी त्या आशेनेच दुकानात यायचो.

नवव्या दिवशी दुपारी आटपाडीच्या एक निवृत्त शिक्षिका शेवटचं प्रूफ बघायला आल्या होत्या. बायकांच्या जात्यावरच्या ओव्या त्यांनी गावोगाव फिरून गोळा केल्या होत्या, आणि ते पुस्तक मीच टाइप केलं होतं. फाइल सेव्ह होतानाच पडदा गोठला. करपल्याचा वास आला. मशीन पुन्हा सुरू झालंच नाही. हार्ड डिस्क दुकानातल्या जुन्या मशीनला जोडली, तीही वाचता येईना; फ्लॉपीवर जेमतेम अर्धं पुस्तक होतं.

"पयल्यांदा यानंच डबा उघडला हुता," हवालदार मालकांना म्हणाला.

मी पुस्तिकेतला तक्ता आणि जंपर शेजारी शेजारी दाखवले. "हे तीन पॉइंट दोन ह्यांनी केलंय. मी दोन पॉइंट नऊवर ठेवलं हुतं."

"तुला कधी कळलं?" मालकांनी विचारलं.

"झाले नऊ दिवस."

हवालदाराचा चेहरा पडला. मला हवा होता तो क्षण हाच. पण बाई माझ्याकडे बघत होत्या.

"आणि तू माझं काम ह्याच्यावरच करत होतास?"

मी पुस्तिका मिटली.

उरलेलं पुस्तक मी जुन्या मशीनवर पुन्हा टाइप केलं. बाई हस्तलिखित घेऊन यायच्या, पानं मालकांच्या हातात द्यायच्या. मालकांनी आम्हा दोघांनाही काढलं नाही. आम्ही पाठीला पाठ लावून काम करत राहिलो.

पुस्तक छापून आलं तेव्हा बाईंनी मालकांना एक प्रत दिली, हवालदाराला दिली. मला नाही. मला त्यांचाही राग आला. ज्यानं जाळलं त्याला पुस्तक, आणि ज्यानं अर्धं पुस्तक दोनदा टाइप केलं त्याला काही नाही!

त्या गेल्यावर हवालदाराने आपली प्रत माझ्या टेबलावर टाकली. "घे. मला कुठं ओव्या वाचायच्यात."

"बाईंनी तुमाला दिलीया," म्हणत मी ती उचलून त्याच्या टेबलावर परत ठेवली.