भाऊकाकांचं मडकं

१९९३च्या उन्हाळ्यात सांगलीच्या अनसूयाबाई माठ आणायला कुंभारवाड्यात गेल्या आणि माठ न घेताच, कोपरापर्यंत चिखलात बरबटून परत आल्या. झालं असं, की त्यांनी टिचक्या मारमारून एकेक माठ नापास केला, तेव्हा नाथाजी कुंभार वैतागला.

"आवं वैनी, मग तुमीच बसा की चाकावर!"

बाई पदर खोचून खरंच बसल्या. पहिला गोळा सुटून नाथाजीच्या धोतरावर गेला. दुसऱ्याची धड वाटी झाली नाही, धड पणती नाही. पण ओली माती बोटांत वर चढताना अंगावर जो काटा आला, तो त्यांना सत्यनारायणाला कधी आला नव्हता.

मग रोजच जाणं सुरू झालं. घरी वरण करपायला लागलं. पडवीत वाकड्यातिकड्या मडक्यांची रांग लागली. त्यांचे यजमान हरिभाऊ पाहुण्यांना सांगत, "कुंभाराची आहेत. ठेवायला दिलीत."

अशात हरिभाऊंचे चुलतभाऊ, भाऊकाका, गेले. तिरडी बांधताना कुणाचा तरी पाय लागून मडकं फुटलं. सगळे हळहळत असताना अनसूयाबाई जरा जास्तच उत्साहात म्हणाल्या, "आपल्याकडे आहेत की!"

कृष्णाकाठी काकांच्या मुलानं, पुष्करनं, बाईंचं मडकं पाणी भरून खांद्यावर घेतलं. भोक पाडायला गुरुजींनी दगड मारला. नुसता ठण्ण आवाज आला. पुन्हा मारला, तर दगडाचा टवका उडाला. शेवटी पुष्करनं ते तसंच मागं टाकलं. मडकं घाटाच्या पायऱ्यांवरून गडगडत गेलं आणि अखंड नदीत पडलं. खांदेकरी उपरण्यात तोंड खुपसून हसले.

हरिभाऊ घरी येऊन कडाडले, "अब्रू गेली!"

"तडासुद्धा नाही गेला?" बाईंनी विचारलं. त्यांना आधी अभिमान वाटला, मग शंका आली.

सुतक गुंडाळून ठेवून दुसऱ्याच दिवशी त्या उरलेलं एक मडकं घेऊन नाथाजीकडे हजर.

"ह्यो तोफगोळा हाय वैनी! लय जाड. आत दगड धरा, भायेरनं थापी मारा. आंग पातळ हुईस्तवर."

त्या पावसाळाभर थापत राहिल्या. दिवाळीच्या सुमारास एक माठ असा उतरला, की नाथाजीनं त्यावर टिचकी मारली आणि तो आपल्या विकायच्या मालात ठेवला. बाई घरी येऊन न्हाणीघरात रडल्या.

पुढे हरिभाऊंची स्कूटर शेडमधून रस्त्यावर आली आणि शेडमध्ये चाक आलं. "त्या चिखलात असं आहे तरी काय?" त्यांनी एकदा विचारलं.

"लग्न झाल्यापासून तुम्हाला वळण लावतेय. काही उपयोग? हा गोळा बघा, बोट लावलं की वळतो."

हरिभाऊंनी स्कूटरला किक मारली. ती सुरू झाली नाही. मग ते तिथंच स्टुलावर बसून बघत राहिले.