वच्छलाआत्याची केस

सख्ख्या आत्याला कोर्टात ओळख न दाखवणारा माणूस मी आहे.

आज दुपारी कुरुंद्याला तिला अग्नी दिला. हार्ट अटॅक.

मी हिंगोलीत बँकेत ऑफिसर आहे. आत्याच्या बचत गटातल्या बायकांची खाती आमच्याच ब्रँचला.
त्या खात्यांतून दरवर्षी विम्याचा हप्ता कापला जायचा. कुणाला विचारलं नव्हतं, कुणाची सही नव्हती.

आत्यानं बायकांना गोळा केलं आणि थेट ग्राहक कोर्टात केस टाकली.

मी हात जोडले. "आत्या, मागं घे. मॅनेजरला नातं कळलं तर माझं अवघड होईल."

"तुला न्हाई रे म्हणत मी. बँकेला म्हणून राहिले. न विचारता काहून कापलं, एवढंच सांगा म्हणावं."

तारखेला बँकेच्या वकिलासोबत मलाच पाठवलं.
आत्या बायकांना घेऊन समोरून आली. मी मोबाईलमध्ये मान घातली.

ती माझ्यासमोर थांबली.
"साहेब, प्यायचं पानी कुठं भेटन हो?"

मी बोटानं नळ दाखवला. वर मान करून बघितलंसुद्धा नाही.

लहानपणी मला कडेवर घेऊन गावभर मिरवणारी बाई मला साहेब म्हणाली, आणि मला काय वाटलं माहितीये?
बरं झालं, असं वाटलं. सुटलो, असं वाटलं.
लिहितानाही लाज वाटतेय.

संध्याकाळी तिचाच फोन.
"जेवलास का? मनाला लावून घेऊ नको. नोकरी हाय तुझी."

त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

निकाल बायकांच्या बाजूनं लागला. कापलेले सगळे पैसे बँकेला परत करावे लागले. गावात पेढे वाटले म्हणे.
मी गेलो नाही. कोणत्या तोंडानं जाणार?

आज मात्र जावंच लागलं. आमच्याकडं बाई गेली की अंगावर माहेरचं लुगडं पडल्याशिवाय उचलत नाहीत. आणि तिच्या माहेरात आता मीच उरलोय.

लुगडं घेऊन अंगणात शिरलो, तर गटातल्या एका म्हातारीनं मला ओळखलं. तिनं बाकीच्यांना बाजूला सारून वाट करून दिली.

"या साहेब. बँकेनं पाठवलं का लुगडं?"

"न्हाई मावशी. मी भाचा त्यांचा."

ती माझ्याकडं बघत राहिली.
"भाचा? बाई कधी बोलल्या न्हाईत."

मग तिनं हातातल्या लुगड्याकडं बघितलं आणि हळूच म्हणाली,
"टाका मग. तुमचीच वाट बघून राहिलो समदे."

आत्या, येतो गं.
माफ कर म्हणायला उशीर झाला.