दुपारचं पाणी

यशवंतदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंबडच्या कारखान्यात यंत्रांच्या लोखंडी पिना तपासत होते. मशीनवर लावलेली पीन तशीच राहिली, समोरचा आकडा काही वाचता येईना...

दादा मूळचे सटाण्याकडचे. भट्टीतून लालबुंद पिना काढायच्या आणि पाण्याच्या टाकीत सोडायच्या, हे त्यांचं काम. पीन किती कडक झाली ते तपासायचं माझं. मी तेव्हा नवीकोरी डिप्लोमावाली, नाकावर राग. एका एप्रिलात दुपारनंतरच्या पिना रोज नरम निघायला लागल्या. मी बिनदिक्कत शेरा मारला, ‘कामगाराचा हलगर्जीपणा.’ दादा माझ्या टेबलाशी आले. म्हणाले, "ताई, दुपारले टाकीनं पाणी गरम व्हई जास. पीन नरमच राही." मी मान वर न करता म्हटलं, "पाणी ते पाणी, दादा. तुम्ही भट्टीकडे लक्ष द्या." आठवड्याभरात त्यांना पॅकिंगला बसवलं. वीस वर्षं भट्टी सांभाळलेला माणूस खोक्यांना चिकटपट्ट्या लावू लागला.

भट्टीवर नवा माणूस आला, तरी पिना नरमच. मग मी गुपचूप टाकीत थर्मामीटर सोडला. सकाळी पंचवीस, दुपारी तीनला पन्नासच्या वर! इतक्या गरम पाण्यात लाल लोखंडाभोवती वाफेचं पांघरूण टिकून राहतं, पीन सावकाश निवते आणि कडक होतच नाही. पाणी फिरवणारा पंप अर्धमेला झाला होता. आकडे घेऊन मी साहेबांकडे गेले. साहेब खूश. "कसं शोधलंस?" "थर्मामीटर लावला, सर." खोटं काहीच बोलले नाही... दादांचं नाव तेवढं घेतलं नाही.

पंप बदलला, दादा भट्टीवर परतले. मला वाटलं, आता चांगलं ऐकवतील. ते नुसतं म्हणाले, "बरं झालं, ताई." पुढे निवृत्त होईपर्यंत डब्यातली मिरचीची चटणी माझ्या पोळीवर वाढत राहिले आणि मीही निर्लज्जासारखी खात राहिले.

दादा गेल्यावर, गेल्या महिन्यात सटाण्याला त्यांच्या घरी भेटायला गेले. वहिनींनी माझा हात धरला. "ताई, तुम्ही साहेबले पाणीनं सांगं, म्हणून यास्नं भट्टीनं काम वाचनं. ते कायम सांगेत." म्हणजे दादांनी घरीसुद्धा माझी लाज राखली होती. मी बोलायला तोंड उघडलं; खोलीत त्यांच्या मुली, सुना, शेजारी... चहा पिऊन परत आले. तेव्हापासून घास गोड लागत नाही.

वहिनी, पेपरची ही पुरवणी तुमच्याकडे येते, मला ठाऊक आहे. पाण्याचं दादांनीच ओळखलं होतं. त्यांनी मला सांगितलंही होतं.