मोडता न येणारा आराखडा

वचन मोडलं तरी विचारणारं कुणी नसेल, तर तुम्ही किती मोठं वचन द्याल?

आमच्या गावानं आभाळाएवढं दिलं होतं. लिहून मीच दिलं होतं. माझ्या घरात पुस्तकांआधी पत्रकं आली. वडील चळवळीतले, घरभर गठ्ठेच गठ्ठे. अक्षरओळख त्यावरच झाली, त्यामुळे उद्गारचिन्ह हे वर्णमालेतलंच एक अक्षर आहे असं मला बरीच वर्षं वाटायचं.

तर सांगोल्याकडच्या आमच्या गावाच्या सरपंचबाईंचा सोलापुरात मला फोन आला. "गावचा हवामान आराखडा करायचाय. सक्ती कुणाची न्हाय, आपखुशीनं. तू लिहितीस की. पण ग्रामसभेत पास झाला पायजे, न्हायतर कपाटात जाईल. तितं आदीच तीन झोपल्यात."

मी चौथा झोपू देणार नव्हते. तीस पानं लिहिली. प्रत्येक विहिरीवर सौर पंप! दोन हजार झाडं! डाळिंबाच्या छाटणीची एकही फांदी जाळायची नाही! लिहिताना मला पृथ्वी थंड होत चालल्याचा भास होत होता.

सभा बिरोबाच्या देवळापुढं भरली. मी तिसऱ्या पानावर असतानाच सगळे हात वर. मंजूर! माझा आवाज आनंदानं चिरकला.

तेवढ्यात पुढं बसलेले एक म्हातारे मेंढपाळ उठले. सगळं गाव त्यांना आबा म्हणतं. "हात वर झालं, ब्येस झालं. आता भंडारा आणू का?"

देवाची हळद हातात घेऊन बोललेला शब्द आमच्याकडं मोडत नाहीत. कोर्टात खोटं बोलणारा माणूसही भंडारा उचलून खोटं बोलायला कचरतो. देवळापुढं एकेक हात खाली आला. कुणी डोकं खाजवलं, कुणी टोपी नीट केली, जणू हात त्यासाठीच वर गेला होता.

"दोन हजार झाडांला वैशाखात पाणी कोण घालणार?" मागून एकानं विचारलं. "टँकरला आमीच रांगंत. झाडं कुटं हुबी करू?"

"आन् तेल्या पडलेल्या फांद्या?" ही माझी चुलती. तिची डाळिंबाची बाग आहे. "जाळायच्या न्हाईत तर काय उशाला घिऊ? रोग शेजारच्या बागंत जाईल की, शानी!"

माझे कान तापले. तेल्या रोग मला माहीत होता. त्याच्या फांद्या जाळाव्याच लागतात, हे तीस पानांत कुठंच नव्हतं. पण रागानं मी उसळले, "तुम्ही सगळे पळ काढताय!"

"पळणारा घासाघीस करत न्हाय, पोरी," आबा म्हणाले. "तो लगीच व्हय म्हणतो."

आणि मग जी घासाघीस सुरू झाली! दोन हजारांवरून घरटी एक कडुलिंब, भांडी धुतलेल्या पाण्यावर. रोगट फांद्या जाळायच्या, निरोगी बारीक तोडून झाडाच्या बुडाला पसरायच्या. त्यासाठी आबांनी आणलेल्या ताटातून भंडाऱ्याची पहिली चिमूट चुलतीनंच उचलली. सौर पंप तीनच, पण ज्यांच्या विहिरींवर ते बसणार ते तिघे उभे राहून म्हणाले, "आमी लावतो."

"आबा, रोपं तुमची शेरडंच खाणार! त्यांनी आदी भंडारा उचलावा!" एक बाई ओरडली.

हसून हसून सभा लोळायची बाकी राहिली. आबा मात्र विचारात पडले. मग त्यांनी हळद घेतली. "शेरडांचं मी सांगत न्हाय. राखणीचं सांगतो. दोन वर्सं माझं एक बी जनावर गावात मोकळं फिरणार न्हाय."

"आन् तू?" चुलतीनं ताट माझ्यापुढं धरलं. "लिवून दिलं, सुटलीस व्हय?"

पत्रकात स्वतःचं काही द्यावं लागत नाही, हे मला तेव्हा कळलं. घामेजल्या तळव्याला हळद चिकटली. मी म्हणाले, "दर ग्रामसभेला येईन. काय झालं नाही ते मोठ्यानं वाचीन. चूक माझी असेल तर माझ्यापासून सुरुवात करीन."

तीस पानांचं एक पान उरलं आणि तेवढं पास झालं! मी पिवळ्या हातानंच सरपंचबाईंना मिठी मारली. त्यांच्या साडीवर पाच बोटं उमटली. त्या रागावल्या, मग दोघीही खिदळत सुटलो. माझी एकोणतीस पानं हरली होती आणि मला नाचावंसं वाटत होतं.

तुमच्या गावाचा, वॉर्डाचाही असा आराखडा कुठंतरी असेल. पुढच्या सभेला जा. तो मागून घ्या, सगळ्यांसमोर वाचायला लावा, प्रत्येक ओळीला थांबवून विचारा, "हे कोण करणार?" आणि घरी परतण्याआधी एका ओळीपुढं स्वतःचं नाव लिहा.