टीव्हीच्या स्टुलावरचा वड

कांदिवलीला आमच्या बिल्डिंगच्या मागे, सांडपाण्याच्या पाइपाजवळ भिंतीच्या भेगेत तो वड उगवला होता. ह्यांनी तो अलगद उपटून आणला आणि पसरट कुंडीत लावला. त्याचा म्हणे बोन्साय करायचा. मी म्हटलं, दीड खोलीत माणसं मावेनात आणि तुम्ही वड पाळा.

आठ वर्षं पाळला. मुळं छाटायची, शेंडे खुडायचे, तांब्याची तार गुंडाळून फांद्यांना वळण लावायचं. पावसाळ्यात फांदी भराभर जाडते आणि तार सालीत रुतते, म्हणून हे कामावरून आले की आधी चष्मा लावून तारा तपासायचे, मग चहा. माझ्याकडे कधी इतकं निरखून बघितलं असेल तर शपथ!

आठव्या वर्षी नाक्यावरचा मोठा वड बिल्डरने तोडला. वटपौर्णिमेला बाजारातून फांदी आणते म्हटलं, तर हे म्हणाले, झाडाचे हात तोडून नवऱ्याला आयुष्य कसलं मागता? मग मीही ठरवलं, घरात अख्खा वड असताना फांदी हवी कशाला? हे फर्स्ट शिफ्टला गेल्यावर टीव्ही खाली उतरवला आणि त्याच्या स्टुलावर कुंडी मांडली. पहिलं सूत माझं, अगदी बुंध्याशी. शेजारणींना कळायला कितीसा वेळ लागतो! अकराजणी आल्या. स्टुलाभोवती सात-सात फेऱ्या, प्रत्येकीचं सूत, दूध, साखर, हळदकुंकू. माती ती केवढी, दोन मुठी.

दुपारी हे आले तेव्हा वड दिसतच नव्हता, नुसती सुताची गुंडी. कात्री घेऊन बसले. चष्मा लावून एकेक सूत कापत राहिले.

मुंग्या लागल्या. चार दिवसांत सगळी पानं गळली. ह्यांनी मुळं धुतली, माती बदलली, कुंडी सावलीत ठेवली. ह्यांची आठ वर्षांची मेहनत मी एका सकाळीत घालवली होती. रोज उठल्या उठल्या, गॅस पेटवायच्या आधी मी गॅलरीत जाऊन बघायची. नुसत्या काटक्या. ओट्याशी उभी राहून रडायची, कांदा नसतानाही.

तीन आठवड्यांनी शेंड्याला लालसर कोंब दिसला. मी ह्यांना झोपेतून उठवून दाखवला.

दिवाळीची साफसफाई करताना कुंडी पुसायला घेतली, तर बुंध्याशी खाच. आत पिवळट धागा रुतलेला. म्हटलं, "अहो, एक सूत कापायचं राहिलं वाटतं. सालीत गेलंय बघा."

पेपरातून मान वर न करता हे म्हणाले, "राहिलं नाही, ठेवलंय. ते तुझं आहे."

तारेचा एक ओरखडा खपवून न घेणारा हा माणूस. मी ती कुंडी पुन्हा एकदा पुसली.