मागच्या टायरसाठी माळावर

साताऱ्याहून आम्ही निघालो तेव्हा अजिंक्यताऱ्यावर कोवळं ऊन आलं होतं. आम्ही म्हणजे मी, माझा धाकटा भाऊ वसंत आणि त्याची ती अवजड मोटारसायकल. मुलांनो, व्हिडिओत पाहून तुम्ही जिला म्हैस म्हणालात, तीच. फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झाल्यावर त्याने ती पुण्यातल्या एका जुन्या गाड्यांच्या दलालाकडून घेतली. पहिला मालक परदेशी गेला, एवढंच दलालाने सांगितलं होतं.

वसंताला तिच्यावरून एकट्याने लेहला जायचं आहे. त्याची बायको सुनंदा तयार नव्हती. रोजच्या वादाला कंटाळून तिने निर्णय माझ्यावर टाकला. "ताई, एकदा मागे बसून या. तुम्ही जा म्हणालात तर मी आडवी येणार नाही." म्हणून मी गुडघ्यांना पट्टे बांधले, हेल्मेट चढवलं आणि मागच्या सीटवर बसले. मागचा टायर बदलायचा होता, तेवढं निमित्त पुरे होतं. टायरची मधली नक्षी पार झिजली होती. साताऱ्यात त्या मापाचा टायर मिळाला नव्हता.

हायवेवर गाडी सरळ चालली. कराडजवळ मलकापुरात एका मोठ्या टायरच्या दुकानात थांबलो. दुकानदार बोलका होता.

"आवं आजी, ह्यो घाला. एक माप रुंद हाय. मागनं लय भारी दिसंल."

"दिसायला नको आहे," वसंत म्हणाला. "रुंद टायर या रिमवर आवळला की त्याचा आकार बिघडतो. वळणावर गाडी ऐकत नाही."

"मग ह्यो बघा. मापात बसतोय."

मी चष्मा लावून टायरच्या कडेवरची बारीक अक्षरं वाचली. वजन पेलण्याचा आकडा वसंताने सांगितला होता त्यापेक्षा कमी होता. तसं म्हटल्यावर दुकानदार हसला. "सामान कमी करा की! तुमचं वजन ते काय, चिमणीएवढं."

"चिमणीला लेहला जायचं नाही," मी म्हटलं. "ज्याला जायचंय त्याचं पोट बघा."

वसंताने पोट आत घेतलं. दुकानदार अजून हसत होता. मग तो म्हणाला, "विट्याच्या पुढं माळावर एक टायरवाला हाय. त्येच्याकडं ह्या मापाचा कोरा टायर पडून हाय म्हणं. कुणाला दाखवत न्हाई, पर तुमाला दाखवील." आम्हालाच का, असं विचारलं तर त्याने बाहेर उभ्या गाडीकडे पाहिलं आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

कडेगाव ओलांडल्यावर उसाची हिरवाई विरळ झाली. रस्त्याकडेच्या एका पत्र्याच्या हॉटेलात चहाला थांबलो. आम्ही गाडीवरून उतरायच्या आत हॉटेलवाली बाई बाहेर आली. हातात एकच पेला. तो तिने गाडीच्या पेट्रोलच्या टाकीवर ठेवला. वसंताने हेल्मेट काढलं तशी ती दोन पावलं मागे सरली.

"तुमी न्हवं," ती म्हणाली.

"कोण हवं होतं?"

"आवाज त्योच आला म्हनून आले." तिने पेला उचलला, चहा मातीत ओतला आणि आमच्यासाठी दुसरा करायला आत गेली. चहा गोड होता, आल्याचा होता. वसंत म्हणाला, "या भागात अशा गाड्या कमी. गोंधळ होतो." मी मान डोलावली.

विट्यात पोळी-आमटी खाऊन पुढे माळाला लागलो. (माळ म्हणजे उंचावरची उघडी, खडकाळ जमीन. झाड क्वचित, सावली त्याहून क्वचित.) भर दुपार होती. कडेला पवनचक्क्यांची रांग होती. वारा अजिबात नव्हता आणि पाती थांबली होती, फक्त एका पवनचक्कीची संथ फिरत होती. तिची सावली रस्त्यावरून जायची, आमच्या अंगावरून जायची, पुन्हा यायची. एक मेंढपाळ मेंढरं घेऊन बसला होता. गाडी जवळ येताच तो उठला, डोक्यावरचा पटका सारखा केला आणि आम्ही दूर जाईपर्यंत तसाच उभा राहिला. पुढच्या वस्तीवर दोन बायका दारात आल्या आणि पदर तोंडाशी धरून उभ्या राहिल्या. कोणी हात हलवला नाही. वसंताने वेग कमी केला. त्याची पाठ ताठ झालेली मला मागून दिसत होती.

टायरवाल्याचं दुकान म्हणजे लिंबाखाली एक खोली आणि हवा भरायचं यंत्र. माणूस पन्नाशीचा, नाव महादेव. आम्हाला पाहून तो उठला. सरळ गाडीच्या मागच्या चाकाशी बसला आणि झिजलेल्या टायरवरून तळहात फिरवत राहिला.

"ह्योच हाय," तो म्हणाला. "आजून ह्योच हाय."

मग त्याने सांगितलं. गाडी त्याच्या पुतण्याची, संभाची. संभा फौजेत होता. रजेवर आला की दिवसभर या रस्त्यांवर गाडी फिरवायचा, वाटेतल्या प्रत्येकाशी बोलायचा. टायर झिजला म्हणून त्याने काकाला नवा मागवायला सांगितलं. नवा येण्याआधीच भुरभुर पावसात पुढच्या उतारावर मागचं चाक सरकलं आणि संभा जागीच गेला. दुःखात बापाने गाडी मिळेल त्याला देऊन टाकली. ती फिरत फिरत पुण्याच्या दलालाकडे गेली असणार. दलालाने रंग काढला, पॉलिश केलं. टायर मात्र तोच ठेवला.

मुलांनो, त्या टायरवर मी सकाळपासून बसून आले होते. 

तेवढ्यात एक बाई शेताच्या बांधावरून आली. चालताना तिची नजर गाडीवरून हलत नव्हती. महादेव पुटपुटला, "वैनी हाय. संभाची आई. आवाज ऐकला आसंल."

बाई गाडीसमोर उभी राहिली. वसंताकडे न बघता तिने विचारलं, "रजा किती दिसांची रं?"

वसंताने माझ्याकडे पाहिलं नाही. त्याच्या टाचा आपोआप जुळल्या. "आजच परत जायचंय, आई."

"आजच व्हय?" ती महादेवाकडे वळली. "मग टायर घाल की, भावजी. कवाची वाट बघतुयास?"

महादेवाने आतून गोणपाटात गुंडाळलेला टायर आणला. काळाभोर, कोरा, रबराची बारीक कुसळं तशीच शाबूत. माप बरोबर, वजनाचा आकडा बरोबर. वसंताने लगेच हातमोजे काढले. मला कळलं, तो हाच टायर घालणार. त्या बाईला तो नाही म्हणू शकणार नव्हता.

मी टायर उन्हात फिरवला. टायर ज्या वर्षी तयार होतो ते वर्ष त्याच्या कडेवर कोरलेलं असतं. त्याला बरीच वर्षं झाली होती. नक्षीच्या तळाशी केसासारख्या भेगा होत्या. नख दाबलं तर रुतलं नाही.

"वसंता, हा नको," मी म्हटलं. "रबर कडक झालंय. ओल्या रस्त्यावर हाही सरकेल."

"ताई, विट्यापर्यंत हळू जातो."

"आणि तिथून लेहला?"

महादेव मान खाली घालून म्हणाला, "मला ठावं हाय, आजी. पर वैनीला तुमीच सांगा. मला हुनार न्हाई."

म्हणून मी तिच्याजवळ गेले आणि सांगितलं की टायर वापरला नाही तरी पडून पडून जुना होतो, आता तो भरवशाचा नाही.

ती ऐकत होती. मग तिने टायरवर हात ठेवला. "ह्यो म्हातारा झाला व्हय?" ती म्हणाली. "त्यो तर न्हाई झाला."

 वरून पवनचक्कीच्या पात्याची सावली गेली. तिने वाकून गाडीच्या झिजलेल्या टायरला बोट लावलं आणि पहिल्यांदाच वसंताच्या डोळ्यांत पाहिलं. "आन् तू ह्येच्यावरनं जानार?"

वसंताने हातमोजे खिशात घातले. मग तो म्हणाला, "नाही आई. गाडी इथंच राहील. ताजा टायर आणल्याशिवाय मी हिला रस्त्यावर काढणार नाही."

महादेवासकट आम्ही तिघांनी गाडी ढकलत तिच्या अंगणात नेली. बाई आत जाऊन भाकरीचा तुकडा घेऊन आली. तिने तो गाडीवरून तीनदा उतरवला, मग वसंतावरून उतरवला आणि लांब फेकला. (याला भाकरतुकडा उतरवणं म्हणतात. माणूस लांबून घरी आला की त्याच्याबरोबर आलेलं वाईट बाहेरच राहावं म्हणून.) मला वाटलं होतं, निरोप देताना ती रडेल. ती गाडीच्या सीटवरची धूळ पदराने पुसत होती.

विट्याची एसटी मिळाली तेव्हा ऊन कलत होतं. मी खिडकीशी, वसंत शेजारी. वस्ती मागे पडली आणि मागून गाडीचा आवाज आला. तोच, दोन जड ठोके, मध्ये अंतर, पुन्हा दोन. मी वसंताकडे पाहिलं. त्याने मूठ उघडली. किल्ली त्याच्याकडेच होती. पुढच्या बाकावरची म्हातारी शेजारणीला म्हणाली, "संभा आलाय वाटतं." शेजारीण म्हणाली, "व्हय, ऐकलं मी." आणि त्या कांद्याविषयी बोलू लागल्या. मी मागे वळून पाहिलं नाही. वसंतानेही नाही. विट्याच्या चढाला तो आवाज कधी थांबला, तेही मला सांगता येणार नाही.

घरी सुनंदा दारातच होती. "गाडी कुठे? आणि काय ठरलं?"

"जाऊ दे त्याला लेहला," मी म्हटलं. "जो माणूस गाडी सोडून एसटीने घरी येऊ शकतो, तो घाटातही थांबू शकतो."

पुण्याहून ताजा टायर आला आहे. सुनंदाने स्वतः चष्मा लावून त्याच्यावरचं वर्ष वाचलं. काल सकाळी वसंत बूट घालून माळावर जायला तयार झाला, टायर मागून आणलेल्या जीपमध्ये ठेवला, बराच वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून बसला आणि मग खाली उतरला.

"गाडी आणखी चार दिवस तिथंच राहू दे," तो मला म्हणाला. "रजा पुरी होऊ दे त्याची."